किनाऱ्यावरच्या पाखरांसाठी पहिली दुर्बीण घेताना

डिसेंबरातली सकाळ आणि गुहागरची पुळण. भरती चढते आहे, पाण्याच्या रेघेशी शंभरेक पाखरं दाटीवाटीनं उभी आहेत. नुसत्या डोळ्यांना सगळी एकाच मळकट रंगाची दिसतात. दुर्बीण लावली की त्याच थव्यात वेगवेगळी घराणी दिसू लागतात. मानेमागून पांढरा पट्टा पूर्ण फिरलेला तो केंटिश चिखल्या. तसा पट्टा नसलेला, अंगानं जरा भरलेला तो वाळूचिखल्या. परतणाऱ्या लाटेमागे धावत जाऊन पुढची लाट आली की तुरुतुरु उलट पळणारा पांढुरका तो सँडरलिंग. आणि मागे, वाऱ्याकडे तोंड करून बसलेले कुरव, म्हणजे सीगल. ओळख पटते ती मानेवरच्या बोटभर पट्ट्यावरून, आणि तो पट्टा दीडशे मीटरवरून दिसायचा तर दुर्बीण चांगलीच हवी.

मी इथल्या शाळेत शिकवते आणि दर थंडीत मुलांना पुळणीवर घेऊन जाते. मुलांचे पालक, सुट्टीत गावी आलेले चाकरमानी, कधी होमस्टे चालवणारी मंडळी विचारतात, “बाई, दुर्बीण कुठली घेऊ?” त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे. दुर्बिणीबद्दलचा बराचसा सल्ला जंगलातल्या किंवा डोंगरावरच्या पाखरांचा विचार करून दिलेला असतो. आपल्याकडे खारा वारा आहे, चार महिने भिंतींना पाझर फुटेल असा पाऊस आहे, पाण्यावरून डोळ्यांत येणारा लख्ख उजेड आहे. इथे निवड करताना आधी किनाऱ्याला विचारायचं, मग खोक्यावरचे आकडे वाचायचे.

आधी ठरवा, बघणार कुठून?

पुळणीवर उभं राहून, खाडीच्या बांधावर बसून, होडीतून, की घराच्या गच्चीवरून? बहुतेकांचं उत्तर “सगळीकडून” असं असतं, आणि त्यासाठी गळ्यात अडकवायची साधी दुर्बीण पुरते. ती घ्या आणि निदान एक अख्खी थंडी वापरा. तिवईवर लावायचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्यानं बघायची जास्त पटींची एकच नळी, ही दुसऱ्या वर्षाची गोष्ट. पहिल्याच वर्षी स्कोप घेतलेले दोघंतिघं माझ्या ओळखीचे आहेत. पाखरू स्कोपमध्ये सापडेपर्यंत उडून जातं, मग कंटाळा येतो आणि स्कोप कपाटात जातो. पाखरू शोधायची सवय दुर्बिणीनंच लागते.

होडीतून डॉल्फिन बघायचे असतील तर पट, म्हणजे वस्तू किती वेळा जवळ भासते ते, जितका कमी तितका बरा. हलत्या होडीत सात किंवा आठ पटींच्या वर गेलात की समुद्र नुसता डोळ्यांसमोर नाचतो.

दोन आकड्यांचा अर्थ

दुर्बिणीवर ८×४२ किंवा १०×५० असं छापलेलं असतं. पहिला आकडा पट, म्हणजे वस्तू किती वेळा जवळ भासेल ते. दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुकानात पहिल्या आकड्यावर जोर दिला जातो, कारण तो सांगायला सोपा असतो. पण जरा हिशेब मांडून बघा. २०० मीटरवर बसलेला कुरव आठ पटींतून २५ मीटरवर असल्यासारखा दिसतो, दहा पटींतून २० मीटरवर असल्यासारखा. पाच मीटरांचा फरक. त्या पाच मीटरांसाठी आपण काय देतो ते पाहा.

पहिली गोष्ट उजेड. दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा व्यास मिळतो. त्याला एक्झिट प्युपिल म्हणतात. ८×४२ चा सव्वापाच मिलिमीटर, १०×४२ चा ४.२ आणि खिशात मावणाऱ्या १०×२५ चा अडीच. भर दुपारी आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे तेव्हा तिन्ही दुर्बिणी सारख्याच वाटतात. दुकानात दिवसा फरक कळत नाही तो यामुळेच. पण पहाटे, उन्हं यायच्या आधी, किंवा कांदळवनाच्या सावलीत बाहुली पाच मिलिमीटर किंवा त्याहून मोठी होते. तेव्हा १०×२५ मधून खाडीकाठचा तुतवार काळा ठिपका वाटतो आणि ८×४२ मधून त्याच्या खांद्याजवळची पांढरी खाच दिसते. होडीत डोळा भिंगासमोरून सारखा सरकत असतो, तिथेही मोठा झोत बरा पडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे दिसणाऱ्या पट्ट्याची रुंदी. चांगल्या ८×४२ मधून हजार मीटरवरचा साधारण १२५ ते १४० मीटर रुंद पट्टा दिसतो, १०×४२ मधून साधारण १०० ते ११५. पुळणीवर हा फरक फार जाणवतो. सुरय (इंग्रजीत टर्न) पाण्यावरून उडत येतो, मधेच थबकतो आणि सूर मारतो. खुणेला ना झाड ना खांब, मोकळ्या समुद्रात त्याला पकडायचं तर रुंदी हवी.

तिसरी स्थिरता. हाताची थरथर पटीनं वाढून दिसते. अंगावर वारा येत असताना दहा पटींची दुर्बीण स्थिर धरणं सवयीच्या माणसालाही जड जातं. शिवाय पट वाढला की हवेतला बाष्पाचा पडदाही तितकाच मोठा होऊन समोर येतो.

म्हणून माझं मत सांगते, पहिली दुर्बीण ८×४२ घ्या. वजन साडेपाचशे ते सातशे ग्रॅम भरतं, गळ्याला चालतं. ते जड वाटत असेल तर ८×३२. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी तर ८×३२ च बरी. पण घेण्याआधी दोन नळ्या किती जवळ येतात ते मुलाच्याच डोळ्यांवर लावून पाहा. बऱ्याच मोठ्या दुर्बिणी ५६ मिलिमीटरपेक्षा जवळ येत नाहीत आणि लहान मुलांच्या डोळ्यांतलं अंतर त्याहून कमी असतं. अशा मुलाला एकाच डोळ्यानं दिसतं. “काही दिसत नाही” असं मूल म्हणतं आणि मोठ्यांना वाटतं त्याचं लक्ष नाही.

झूमच्या वाटेला जाऊ नका

माझी पहिली दुर्बीण ऑनलाइन घेतलेली होती. खोक्यावर १०-९०×८० असं छापलेलं. नव्वद पट वाचून हरखले होते. हातात आल्यावर दहा पटींना किल्लीच्या भोकातून बघावं इतकं अरुंद दिसायचं, आणि तीस पटींच्या पुढे तर धूसर करड्या रंगाशिवाय काही नाही. झूमची कळ फिरवली की दोन्ही नळ्यांनी एकाच वेळी सारखं मोठं करायला हवं. त्या दुर्बिणीच्या नळ्या दुसऱ्या महिन्यातच मागेपुढे झाल्या. दोन्ही डोळ्यांना वेगवेगळ्या आकाराचा कुरव दिसायचा आणि अर्ध्या तासात कपाळ ठणकायचं. परत घ्यायला विकणाऱ्यानं नकार दिला. पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच, पण जास्त वाईट याचं वाटलं की एक अख्खी थंडी मी माझ्या डोळ्यांत दोष आहे असं समजत होते.

तेव्हा खोक्यावर पटीचा एकच आकडा असेल तीच दुर्बीण घ्या. पुढची भिंगं लाल-नारिंगी चमकत असतील तर ती खाली ठेवा. ती काच तांबडा प्रकाश परतवून लावते, त्यामुळे आत सगळं हिरवट दिसतं. आपल्या किनाऱ्यावर लेसर क्रेस्टेड टर्न आणि ग्रेटर क्रेस्टेड टर्न एकाच थव्यात बसतात. एकाची चोच नारिंगी, दुसऱ्याची हिरवट पिवळी. रंग फसवणाऱ्या काचेतून हा फरक कसा कळणार?

पाणी, मीठ आणि बुरशी

कोकणातल्या माणसानं पैसे मोजावेत ते इथे. दुर्बीण वॉटरप्रूफ हवी, आणि आत नायट्रोजन किंवा अर्गॉन भरलेला हवा. नुसतं “पाण्याच्या शिंतोड्यांपासून सुरक्षित” इतकं पुरत नाही. दमट हवा आत शिरली की भिंगाच्या आतल्या बाजूला दव धरतं आणि त्याच दवावर बुरशी येते. गॅस भरून सील केलेल्या दुर्बिणीत ओल शिरायला वाव नसतो.

बुरशी मी जवळून पाहिली आहे. ती झूमची दुर्बीण पावसाळ्यात चामड्याच्या पाकिटात घालून लोखंडी कपाटात ठेवली होती, नीट जपायची म्हणून. गणपतीत बाहेर काढली आणि पुढच्या भिंगातून तिरका टॉर्च मारला. काचेच्या आत, कडेपासून मधोमध, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे पसरलेले. पुसायला जावं तर ते आतल्या बाजूला. चामडं ओल धरून ठेवतं आणि बंद कपाटात हवा खेळत नाही. बुरशीला लागतो तो अंधार, ओल आणि कोंडलेली हवा हे सगळं मीच हातानं पुरवलं होतं. हे धागे काचेवरच्या लेपात रुतले की साफ केल्यावरही डाग राहतो.

म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट लिहिते. कमी पैशांत चांगली दुर्बीण म्हणून निकॉनची अ‍ॅक्युलॉन ए-२११ आणि ऑलिम्पसची ८×४० डीपीएस-१ यांची नावं नेहमी सुचवली जातात. त्यांची काच किमतीच्या मानानं छानच आहे. पण दोन्ही सीलबंद नाहीत. देशावरच्या कोरड्या हवेत त्या वर्षानुवर्षं टिकतील, किनाऱ्यावर त्यांना डोळ्यांत तेल घालून जपावं लागतं. थोडे पैसे वाढवून निकॉनची प्रोस्टाफ पी-३ ८×४२ किंवा त्या तोडीची दुसरी नायट्रोजन भरलेली दुर्बीण घेतली तर पावसाळ्याची धास्ती पुष्कळ कमी होते. पी-३ एक मीटर पाण्यात दहा मिनिटं टिकते, होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात पडली तरी धोका नाही. त्याच्या वरच्या पायरीवर निकॉनचीच मोनार्क एम-५ आहे. तिच्यात ईडी काच येते, म्हणजे उजळ आभाळासमोर पांढऱ्या कुरवाच्या कडेला दिसणारी जांभळी किनार बरीच कमी होते. स्वारोव्स्की, झाइस, लायका यांच्या वरच्या दुर्बिणी लाखाच्या पुढे जातात. हातात आल्या तर जरूर बघा, पहिली म्हणून घेऊ नका.

प्रिझम, लेप, चष्मा

यात फार शिरायचं कारण नाही. प्रिझम म्हणजे दुर्बिणीच्या आतला, उलटं चित्र सुलटं करणारा काचेचा लोलक. सरळ नळ्यांची ती रूफ प्रिझम, खांदे बाहेर काढलेली ती पोरो प्रिझम. इग्नॅझिओ पोरो या इटालियन माणसानं १८५४ मध्ये तिचं पेटंट घेतलं, त्याच्याच नावानं ती ओळखली जाते. कमी किमतीत पोरो जास्त स्वच्छ दाखवते, पण सीलबंद पोरो कमी मिळतात, त्यामुळे आपल्यासाठी बहुतेक वेळा रूफच येते. रूफ घेताना “फेज कोटिंग” आहे का विचारा, त्यानं पिसांच्या रेघा ठसठशीत उठतात. लेपाच्या बाबतीत “फुली मल्टिकोटेड” हेच दोन शब्द शोधा. नुसतं “कोटेड” लिहिलेलं असेल तर एखाद्याच पृष्ठभागावर लेप असू शकतो.

चष्मा असेल तर आय रिलीफ बघा. डोळा भिंगापासून किती लांब ठेवूनही पूर्ण गोल दिसतो त्याचं हे माप. चष्मेवाल्यांना निदान १६ मिलिमीटर हवं, जास्त मिळालं तर उत्तम. आयकप, म्हणजे डोळ्यांकडच्या भिंगांभोवतीच्या रबरी कड्या, पिळून आत घालायचे आणि चष्म्यासकट बघायचं. चष्मा काढून दुर्बीण लावू नका. पाखरू शोधायला चष्मा, बघायला दुर्बीण, पुन्हा चष्मा, या काढघालीत पाखरू जातं.

दुकानात काय करायचं

शक्य असेल तर हातात घेऊनच घ्या. मुंबईला जाणं होत असेल तर फोर्टात, बोरा बझारच्या आसपास कॅमेऱ्यांची दुकानं आहेत. पुण्यातही मिळतात. दुकानाच्या आत पाहून काही ठरवू नका, दुर्बीण दारापर्यंत घेऊन यायला परवानगी मागा. मग या क्रमानं तपासा.

हात लांब करून दुर्बीण डोळ्यांपासून फूटभर दूर धरा, उजेडाकडे. मागच्या भिंगांत दोन उजळ ठिपके दिसतील. ते पूर्ण गोल असावेत. कडा चौकोनी कापल्यासारख्या, करड्या दिसल्या तर आतलं प्रिझम हलक्या काचेचं आहे.

आता समोरच्या इमारतीची आडवी कड किंवा विजेची तार बघा. दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू तीन-चार इंच मागे न्या. दोन्ही गोलांत तार एकाच उंचीवर राहायला हवी. एकीकडे वर, एकीकडे खाली दिसली तर नळ्या समांतर नाहीत. आपटलेल्या दुर्बिणीत हा दोष हमखास असतो. मेंदू ते दोन गोल जुळवायचा प्रयत्न करत राहतो आणि डोकं दुखतं. ही चाचणी कधीही टाळू नका, नव्या सीलबंद खोक्यातल्या दुर्बिणीसाठीसुद्धा.

तीच तार आभाळासमोर धरून कडेला जांभळा-हिरवा रंग किती दिसतो ते पाहा. मधोमध थोडा चालेल, ढळढळीत नको. मग लांबची पाटी वाचा, आधी मधोमध आणि नंतर गोलाच्या कडेला नेऊन. कडेला थोडं मऊ होणारच. फोकसचं चाक शेवटपर्यंत फिरवून बघा, मधे कुठे अडत किंवा खुळखुळत नाही ना. शेवटी खोक्यावरचा आणि दुर्बिणीवरचा सीरियल नंबर जुळवा, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख घ्या. पहिल्या दुर्बिणीसाठी दहा ते पंधरा हजार रुपये बाजूला काढा असं मी सांगते. तेवढे आत्ता नसतील तर एखाद्या मित्राबरोबर भागीत घ्या, पण तीन हजारांच्या खेळण्यात पैसे घालवू नका.

घरी आल्यावर जुळवणी

दुर्बीण नवी, महाग, तरी धूसर दिसते अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्यांनी डायॉप्टर लावलेलाच नसतो. उजव्या भिंगाशी असलेली ती छोटी कडी. आपले दोन डोळे क्वचितच सारखे असतात, ती कडी तो फरक भरून काढते.

आधी नळ्या मधोमध वाकवून दोन गोलांचा एकच गोल करा. मग पन्नासेक मीटरवरची बारीक तपशील असलेली वस्तू निवडा, नारळाच्या झावळीची टोकं उत्तम. उजव्या नळीच्या पुढच्या तोंडावर तळहात धरा. डोळा मिटू नका, मिटला की दुसऱ्यावर ताण येतो. मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला झावळी स्वच्छ करून घ्या. आता तळहात डाव्या नळीवर. मधल्या चाकाला हात न लावता फक्त ती कडी फिरवून उजव्या डोळ्याला स्वच्छ करा. झालं. कडी कुठे थांबली ते लक्षात ठेवा, पाहिजे तर नखपॉलिशचा ठिपका द्या. यापुढे अंतर बदललं की फक्त मधलं चाक फिरवायचं.

पाखरू सापडत नसेल तर नजर त्याच्यावरून हलवू नका, मान तशीच ठेवा आणि दुर्बीण वर आणून डोळ्यांना लावा. बरेच जण आधी दुर्बीण लावतात आणि मग तिच्यातून शोधत बसतात. हात थरथरत असतील तर सुरूच्या खोडाला पाठ टेका किंवा वाळूत बसून कोपरं गुडघ्यांवर ठेवा. टोपी असेल तर बोटांनी तिची पुढची कड आणि नळ्या एकत्र धरा, आश्चर्य वाटेल इतकं स्थिर होतं.

एक गोष्ट मुलांना पहिल्याच दिवशी सांगते, तुम्हीही सांगा. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही बघायचं नाही. आपला किनारा पश्चिमेचा, संध्याकाळी गळ्यात दुर्बीण असली की बुडता सूर्य जवळून बघावासा वाटतोच. तो लाल आणि मऊ दिसत असला तरी भिंगं त्याचा प्रकाश एकवटून डोळ्याच्या पडद्यावर टाकतात. पडदा जळताना दुखत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. मुलांच्या हातात दुर्बीण असेल तर संध्याकाळी त्यांना सूर्याकडे पाठ करून उभं करा.

बघायची वेळ

महागड्या काचेपेक्षा बरोबर वेळ जास्त दाखवते. पूर्ण ओहोटीला पाखरं दूर चिखलात विखुरलेली असतात. भरती चढू लागली की पाणी त्यांना ढकलत तुमच्याकडे आणतं आणि ती उरलेल्या वाळूवर गोळा होतात. दोनशे मीटरचं अंतर पन्नास-साठवर येतं. त्यासाठी तुम्ही आधीच येऊन, सुरूच्या आडोशाला शांत बसलेले असायला हवं.

आमच्या शेजारचे होडीवाले काका कुठलंही अ‍ॅप न उघडता भरतीची वेळ सांगतात. “बाय, आज बारस. नवाला भरती पुरी.” तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. द्वादशीला बारा गुणिले पाऊण, म्हणजे नऊ. दशमीला साडेसात. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण बेत आखायला पुरेसं आहे. आता ऊन बघा. सकाळी सूर्य आपल्या पाठीमागे, सह्याद्रीच्या बाजूला असतो आणि समुद्राकडची पाखरं समोरून उजळलेली दिसतात. संध्याकाळी तीच पाखरं काळ्या सावल्या होतात. शिवाय सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, हवा स्वच्छ असते. ऊन तापलं की खारा वारा सुटतो, भिंगावर मीठ येतं आणि वाळूवरची हवा थरथरू लागते. म्हणून दोन्ही पक्षांतल्या दशमी ते द्वादशीच्या सकाळी मी शाळेतल्या फेरीसाठी राखून ठेवते. सूर्य पाठीशी आणि भरती साडेसात ते नऊच्या सुमाराला, हे त्या तीन दिवशीच जुळतं.

जेट्टी, दीपगृह किंवा बंदराजवळ बघणार असाल तर आधी तिथल्या चौकीवर सांगा. किनाऱ्यावर सुरक्षेची नजर असते, दुर्बीण घेऊन तासभर एकाच दिशेला बघणाऱ्याला विचारणा होणं साहजिक आहे. दोन वाक्यं बोलून ठेवली की निवांत बसता येतं.

दुसऱ्या वर्षी, स्पॉटिंग स्कोप

एक थंडी दुर्बिणीनं काढलीत आणि “अजून थोडं जवळ दिसलं असतं तर” असं वारंवार वाटलं तर स्कोपचा विचार करा. अलिबागजवळच्या अक्षीच्या किनाऱ्यावर ओहोटीला कालवफोड्यांचा थवा लांब वाळूच्या दांड्यावर असतो. दुर्बिणीतून काळं-पांढरं अंग आणि लालसर नारिंगी चोच कळते. त्याच थव्यात मिसळलेला एखादा पाय-चोच वेगळी असलेला पाहुणा शोधायला मात्र स्कोपच लागतो.

बहुतेक स्कोप २०-६०×६५ किंवा २०-६०×८० असतात. इथे झूम चालतं, कारण नळी एकच. पण तोच भागाकार इथेही करा. ६५ मिलिमीटरच्या भिंगाला साठ पट लावले की झोत जेमतेम १.१ मिलिमीटरचा उरतो, चित्र अंधारतं. वीस पटींना तो सव्वातीन असतो. किनाऱ्यावर प्रत्यक्ष वापर पंचवीस ते चाळीस पटींतच होतो. साडेनऊ-दहानंतर तापलेल्या वाळूवरून बघताना तीसच्या वर काही हाती लागत नाही. दोष स्कोपचा नसतो, मधल्या हवेचा असतो. तेव्हा पट कमी करा, सावलीत जा, किंवा जरा उंचावरून बघा, जमिनीलगतची हवाच सगळ्यात जास्त हलते.

मागचा भाग वाकडा असलेला, म्हणजे अँगल्ड स्कोप घ्या. तिवई कमी उंचीवर ठेवता येते, वाऱ्यात हलत नाही, आणि वेगवेगळ्या उंचीची मुलं एकाच तिवईवर वाकून बघू शकतात. तिवईवर कंजुषी करू नका. हलक्या तिवईवरचा महाग स्कोप वाऱ्यात कामाचा नाही. मधला दांडा वर काढू नका, त्याला पाठीवरची पिशवी लटकवा. वाळूत पाय रुततात, त्यासाठी मी तीन करवंट्या बरोबर नेते. पालथ्या करून एकेका पायाखाली दाबल्या की तिवई बसते.

मोठी घरटी बघायला तर स्कोपच वापरावा. समुद्रगरुड किनाऱ्याजवळच्या उंच झाडांवर घरटी करतात, कित्येकदा गावाच्या अगदी लगत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्याला पहिल्या परिशिष्टाचं संरक्षण आहे. घरट्यावरचा पक्षी उठून उभा राहिला किंवा ओरडू लागला तर आपण फार जवळ आलो आहोत. लगेच मागे व्हायचं.

मीठ काढायचं कसं

पुळणीवरून आल्यावर शर्टाच्या टोकानं भिंग पुसणं हा सगळ्यात मोठा घात. भिंगावर सुकलेलं मीठ आणि वाळूचे बारीक कण असतात, ते घासले की लेपावर ओरखडे उठतात. दुर्बीण वॉटरप्रूफ असेल तर नळाच्या बारीक धारेखाली गोड्या पाण्यानं सावकाश धुऊन घ्या. नसेल तर आधी रबरी फुंकणीनं हवा मारा, मग मऊ ब्रशनं कण झटका, मग लेन्सच्या द्रवाचे दोन थेंब मायक्रोफायबरच्या कापडावर घ्या, भिंगावर थेट नको, आणि मधून कडेकडे गोल फिरवत पुसा. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचे शिंतोडे उडतात. दुर्बिणीचे सांधे, फोकसचं चाक आणि तिवईचे पाय ओल्या फडक्यानं पुसून सावलीत सुकवा. तिवईच्या पेचांत गेलेलं मीठ दोन महिन्यांत त्यांना चिकटवून टाकतं.

पावसाळ्यापूर्वी, मृग लागायच्या आत, हवाबंद झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणा. तळाशी सिलिका जेलच्या पिशव्या, रंग बदलणाऱ्या मिळाल्या तर बरं, ओल धरली की कळतं. एक छोटा आर्द्रतामापक आत ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहायला हवा. बाहेर आपल्याकडे ८५-९० चालू असतात आणि सत्तरच्या आसपास बुरशीला सुरुवात होते. जेल ओली झाली की तव्यावर मंद आचेवर वाळवून परत घाला. चामड्याचं पाकीट डब्याबाहेर ठेवा. पंधरा दिवसांनी, ऊन पडलेल्या दिवशी, दुर्बीण काढून तासभर उजेडात ठेवा, मात्र भिंगं सूर्याकडे करून नको.

नारळी पौर्णिमेला डबा उघडा. पुढच्या भिंगातून तिरका टॉर्च मारून धागे आहेत का बघा, कडी नखपॉलिशच्या ठिपक्यावर आहे का पाहा, झावळीवर एकदा जुळवून घ्या. तोवर उत्तरेकडून आलेले पहिले चिखल्ये पुळणीवर उतरायला लागलेले असतात, काहींच्या छातीवर उन्हाळ्यातला तांबूस रंग अजून पुसट शिल्लक असतो.